यादी कोणाची?

'यादी' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. 'याद' म्हणजे आठवण, तिची ही यादी. पेशवाईच्या कागदपत्रांत यादी हा कागदाचा एक वेगळा प्रकारच असे. एका बाजूने कलमे मांडायची, दुसऱ्या बाजूने एकेका कलमावर उत्तर द्यायचे. म्हणजे यादी मुळात दोघांमधली गोष्ट! लग्नाच्या याद्या आठवा. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी सतरंजीवर बसतात, मानपान, आहेर, कपडे, जेवणावळीचा खर्च कोणी उचलायचा हे कागदावर उतरते, वर कुंकवाचे बोट लागते, खाली सह्या होतात. त्या कागदांत हुंड्याची कलमेही बिनदिक्कत लिहिली जात, तेव्हा जुने ते सोने म्हणण्याचा माझा अजिबात विचार नाही. पण त्या कागदाची रचना बघण्यासारखी आहे. काम आहे, ते कोण करणार ते आहे, आणि साक्षीला चार माणसे आहेत.

हे सांगायचे कारण असे की, गेल्या काही वर्षांत आपल्या खिशातल्या फोनमध्ये कामांची यादी ठेवणारी जी ॲप येऊन बसली आहेत, त्यांनी यादीतला हा दुसरा माणूस काढून टाकला. काम लिहा, तारीख घाला, झाले की शेजारच्या चौकोनात बरोबरची खूण करा. ही सगळी मंडळी कचेरीच्या पोटातून जन्मली. अमेरिकेतल्या डेव्हिड ॲलन या सल्लागाराचे कामे उरकण्याच्या पद्धतीवरचे पुस्तक २००१ साली आले. डोके हे कोठार म्हणून वापरू नका, सगळे बाहेर काढून विश्वासाच्या जागी लिहून ठेवा, असा त्याचा आग्रह. मग २००५ मध्ये 'रिमेम्बर द मिल्क', २००७ मध्ये 'टूडूइस्ट', २०१० मध्ये बर्लिनहून 'वंडरलिस्ट' अशी रांग लागली. पहिल्याचे नाव दुधाची आठवण ठेवा असे असले तरी त्यांचा गिऱ्हाईक डोळ्यांपुढे आणला तर तो टेबलाशी बसलेला, स्वतःच्या वेळेचा मालक असलेला एकटा माणूस असतो. त्याची कामे त्याची, त्याचा दिवस त्याचा.

आता असा माणूस आपल्या घरांत किती सापडतो?

माझ्या पत्नीचे माहेर धुळे जिल्ह्यातले. तिचा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, गेली वीस-बावीस वर्षे सुरत जिल्ह्यातल्या पलसाण्याला एका डाइंग मिलमध्ये आहे. पलसाणा म्हणजे सुरतेच्या आग्नेयेला, मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचे तालुक्याचे गाव. उसाच्या मळ्यांत मिलच्या चिमण्या उगवल्या आहेत. तिथून कडोदऱ्याच्या चार रस्त्यापर्यंत आणि पुढे सुरतेपर्यंत कापडाचाच संसार. खानदेशी माणूस इथे नवखा नाही. सुरत-भुसावळ रेल्वेने धुळे, नंदुरबार, जळगावची माणसे सुरतेच्या कापडधंद्यात आणून ओतली. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत मराठी आणि अहिराणी कानावर पडत असते, आणि सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. ही गाडी पलसाणा तालुक्यातल्या चलथाणवरूनच जाते. वाटेत नवापूरचे स्टेशन लागते, ते अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत! आम्हा गोवेकरांना सीमेचे एवढे अप्रूप, पण तिथे लोक फलाटावर बसून चहा पिताना राज्य ओलांडतात.

मेहुण्याची मिल पाहिल्यापासून मला यादी या विषयाने पछाडले आहे. सुरतेच्या बाजारातल्या व्यापाऱ्याचे कोरे कापड मिलमध्ये येते, त्याला सगळे 'ग्रे' म्हणतात. मिल ते रंगवून, छापून परत करते. कापड मिलचे नसतेच, मिलची फक्त मजुरी. आले की त्याला लॉट नंबर पडतो आणि त्याच्याबरोबर एक कार्ड फिरू लागते. धुलाई झाली, खूण. जेट मशीनमध्ये सुमारे १३० अंशांच्या उकळत्या दाबाखालच्या पाण्यात पॉलिस्टरला रंग चढला, खूण. नमुन्याशी शेड जुळली की नाही, ते लिहिले. स्टेंटरवर ताणून पन्हा सारखा केला, खूण. पाळी बारा तासांची. पाळी संपली की मेहुणा हात धुऊन घरी येतो आणि अर्धवट राहिलेला लॉट त्याच्या मागोमाग घरी येत नाही. पुढचा मास्तर कार्ड वाचतो आणि तिथून पुढे सुरू करतो. कोणी कोणाला फोन करून 'अहो, त्या निळ्या लॉटचं विसरू नका हं' असे सांगत नाही. आठवण माणसाकडे नसते, कार्डावर असते. आणि कार्ड कामाला बांधलेले असते.

घरी मात्र असे कार्ड नाही. घरी वहिनी आहेत.

वहिनींच्या डोक्यात काय काय असते ते एकदा ऐकत बसलो. गॅसचा नंबर लावायचा. धाकटीच्या शाळेची फी. सासूबाईंना सासऱ्यांच्या मास्तरकीचे कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, त्यासाठी दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला. त्यांची गोळी संपायला आली की आधी चार दिवस. साक्री तालुक्यातल्या शेताची वारसनोंद अजून व्हायची आहे, तलाठ्याकडे कोणता कागद अडला आहे तो. घरमालकाला भाड्यासोबत पाण्याचे पैसे. नणंदेच्या मुलीचे लग्न, आहेर काय. मेहुण्याची रात्रपाळी कधीपासून, म्हणजे दिवसा घरात आवाज कधी करायचा नाही. हे शेवटचे तर काम म्हणून कोणी मोजणारही नाही.

केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्यांत बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, पुरुषांची ८८. आधीच्या, २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे बायकांची दहा मिनिटे कमी झाली तेवढ्यात पुरुषांनीही आपली नऊ वाचवून घेतली! पण माझा मुद्दा मिनिटांच्या पलीकडचा आहे. आठवण ठेवणे हे काम भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, झोप लागण्याआधी चालू असते. त्याला मिनिटे लावायची कशी?

झायगार्निक नावाच्या एका लिथुआनियन-रशियन बाईंनी बर्लिनमध्ये केलेले प्रयोग १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुरी झालेली कामे माणूस विसरतो, अर्धवट राहिलेली मनात घोळत राहतात, असे त्यांना दिसले. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत ते तसे दिसले नाही, पण कुठल्याही गृहिणीला त्यासाठी प्रयोगशाळा लागणार नाही. २०११ मध्ये मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या दोघांनी आणखी एक गोष्ट दाखवली. काम पुरे झालेच पाहिजे असे नाही. कधी, कुठे, कसे करणार याचा नेमका बेत ठरला तरी मनातला टोचणारा काटा निघतो. नुसते 'वारसनोंद' असे लिहून काही होत नाही. 'दिवाळीच्या सुटीत गावी गेल्यावर, पाडव्यानंतर तहसीलला, मृत्यूचा दाखला सोबत' असे लिहिले की झोप येते. ॲप वापरणाऱ्यांनी एवढे जरी पाळले तरी त्यांची निम्मी यादी हलकी होईल, असे माझे मत आहे.

तर मेहुण्याचा मुलगा बारडोलीच्या बाजूला कॉलेजात शिकतो. त्याने एके दिवशी सगळ्यांच्या फोनमध्ये एक सामाईक यादीचे ॲप टाकले. 'घर', 'शाळा', 'गाव', 'आजी' असे कप्पे केले, मराठीतून. वहिनींना आनंद झाला. आणि खरोखर उपयोगही झाला. हयातीचा दाखला वेळेत गेला, गोळ्या संपल्या नाहीत.

अडचणी आल्या त्या मजेच्या. इंग्रजीत 'उद्या नऊला' लिहिले की त्या ॲपाला तारीख कळते, मराठीत कळत नाही. एका परीने बिचाऱ्याची दयाच येते. गुजरातीत 'काले' म्हणजे काल आणि उद्याही. गई की आवती ते संदर्भाने समजायचे. आपण मराठी माणसे काल-उद्याच्या बाबतीत चोख, पण 'परवा'ला आपलीही गाडी घसरते, मागचा की पुढचा? आमच्या कोकणीत 'फाल्यां' म्हणजे स्वच्छ उद्या, मात्र 'फाल्यां पळोवया' म्हटले की कोणती तारीख घालावी हे कुठलेही यंत्र सांगू शकणार नाही. दुसरी अडचण तिथीची. आजोबांचे श्राद्ध तिथीने, ॲप मात्र ते दर वर्षी त्याच तारखेला आणून उभे करणार. 'श्रावणातला पहिला सोमवार' असे एखाद्या ॲपाला २०२३ साली सांगून पाहायला हवे होते. त्या वर्षी अधिक श्रावण आला आणि खरा, निज श्रावण लागायला १७ ऑगस्ट उजाडला. पलसाण्यातल्या घरात तर नवी वर्षेही दोन, आपले गुढीपाडव्याला आणि शेजाऱ्यांचे दिवाळीनंतर. सुरतेचा बाजार दिवाळीत बंद होतो तो लाभपंचमीला मुहूर्त करून उघडतो, त्यामुळे गावाकडची जेवढी कामे ती सगळी त्या आठवड्यात कोंबलेली.

या बाबतीत वहिनींच्या स्वयंपाकघरातले 'कालनिर्णय' अजून हार गेलेले नाही. मालवणच्या जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ते सुरू केले, आणि पंचांगाइतकाच त्याचा उपयोग मराठी बायकांनी चौकोनांत लिहिण्यासाठी केला. दूध दोन लिटर, गॅस लावला, बाई आली नाही. हीच आपली पहिली घरगुती कामांची यादी. तिथी आणि तारीख एकाच चौकोनात, आणि सर्वांत मोठा गुण म्हणजे ते भिंतीवर असते. पाणी प्यायला आलेल्या प्रत्येकाला दिसते. फोनमधली यादी ज्याच्या फोनमध्ये आहे त्यालाच दिसते, आणि त्यानेही ती उघडली तर. शिवाय कालनिर्णय बर्लिनहून कोणी बंद करत नाही. वंडरलिस्ट मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतले आणि मे २०२० मध्ये गुंडाळले; लोकांना आपापल्या याद्या उचलून त्याच कंपनीच्या दुसऱ्या ॲपात बिऱ्हाड हलवावे लागले. भाडेकरूच ते!

खरे सांगायचे तर पलसाण्यात, आणि आमच्या फोंड्या-म्हापशातही, कामांच्या यादीचे खरे ॲप व्हॉट्सॲप आहे. स्वतःलाच निरोप पाठवायची सोय त्यात २०२२ च्या अखेरीस आली. त्याआधीच लोक एकट्याचा ग्रुप करून त्यात किराण्याची यादी, लाइट बिलाचा फोटो, तलाठ्याचा नंबर टाकत होते. बोलून टाकता येते, लिहावे लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. फक्त त्यात काम 'झाले' असे कधी होत नाही. ते वर सरकते, सुप्रभाताच्या गुलाबांखाली गाडले जाते.

पण या अडचणी किरकोळ. खरी गोष्ट चार महिन्यांनी दिसली. त्या ॲपात प्रत्येक कामापुढे ते कोणी लिहिले आणि कोणी पुरे केले ते दिसते. आम्ही दिवाळीला गेलो होतो तेव्हा भाच्याने मोठ्या उत्साहाने मला सगळी यादी वरपासून खालपर्यंत दाखवली. लिहिणारी वहिनी, पुरे करणारी वहिनी. मध्येच कुठे भाच्याचे नाव. मेहुण्याने स्वतः लिहिलेले काम एकच होते, मोटारसायकलचा विमा. त्याच्या नावावर वहिनींनी टाकलेली सहा-सात कामे लाल होऊन बसली होती, कारण ॲप सारखे टिंगटिंग करते म्हणून त्याने त्याचा आवाज बंद केला होता. वहिनी मला म्हणाल्या, "दाजी, आधी नुसतं डोक्यात ठेवायचं. आता डोक्यात ठेवायचं, वर लिहायचं, आणि लिहिलंय ते बघा म्हणून सांगायचं."

मेहुणा वाईट माणूस नाही. बारा तास रंगाच्या वाफेत उभा राहून येतो. पण मिलमध्ये कार्ड वाचल्याशिवाय मशीनला हात न लावणारा माणूस घरात आला की त्याला कार्ड दिसत नाही, कारण आजवर त्याच्यासाठी ते कार्ड बोलत आले आहे. हे त्याला मी म्हटले. तो हसला, मग गप्प बसला.

काही मंडळी यावर म्हणतील की, बायकांची स्मरणशक्तीच दांडगी, आमच्या आजीला कशाला लागत होते ॲप? हा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही. गोव्यात चतुर्थीला गणपतीच्या वर माटोळी बांधतात. तिच्यात सुपारीचे शिपटे, नारळ, तोरंजन, चिबूड, कवंडळे, कांगले, घागऱ्या, आंबाडे असे जे जे लागते ते माझ्या आजीला पाठ होते. मे महिन्यात पुरुमेंत भरायचे, पावसाच्या चार महिन्यांची बेगमी, सुके बांगडे, सोले, मिरच्या, चिंच, कांदे, त्याचाही हिशेब तिच्याच डोक्यात. आम्ही तिचे कौतुक करायचो. ती आजारी पडली त्या वर्षी घरातल्या कोणालाच सोले किती लागतात ते सांगता येईना, तेव्हा कळले की कौतुक करणे स्वस्त पडत होते. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या आज आपल्याजवळ आहेत त्या मुलाने आणि एका नातलगाने वेळोवेळी कागदावर उतरवून घेतल्या म्हणून. त्या गेल्या १९५१ साली आणि पुस्तक निघाले १९५२ मध्ये. डोक्यातले कागदावर येते ते दुसरे कोणी हात चालवते तेव्हा.

म्हणून ॲपाच्या बाजूने माझे एक मत ठाम आहे. ते आठवण ठेवते म्हणून नव्हे, तर ते पुरावा ठेवते म्हणून ते घरात असावे. वहिनींचे काम आजवर हवेत होते. ते प्रथमच नाव, तारीख आणि वार यांसह उभे राहिले, आणि ते त्यांच्या मुलाने पाहिले. विसाव्या वर्षी. माझ्या पिढीतल्या पुरुषांना हे दिसायला पन्नाशी उलटावी लागली, काहींना अजून दिसलेले नाही. मात्र नुसत्या ॲपाने पुढे काही घडत नाही हेही तितकेच खरे. लाल झालेली कामे लालच राहतात. आणि टूडूइस्टमध्ये रोजच्या पुऱ्या केलेल्या कामांबद्दल गुण मिळण्याची सोय आहे, तसले गुण वहिनींना देऊन त्यांच्या हातून आणखी कामे काढण्याची कल्पना तर मला संतापजनक वाटते.

भाच्याने मग काढलेला तोडगा साधा आहे. पाळी बदलते त्या दिवशी, मेहुणा घरी असताना, जेवणानंतर यादी मोठ्याने वाचायची. ज्या कामापुढे नाव नाही ते पुढे जाऊ द्यायचे नाही. वाचणारा मुलगा, म्हणजे वहिनींना आठवण करून देण्याचे पाप नको. सासूबाई साक्षीला, आणि त्यांना यात भलताच रस आहे असे कळते! सुरुवातीला मेहुण्याला हे पोरखेळ वाटले. मग त्याच्याच लक्षात आले की मिलमध्ये पाळी बदलताना हेच करतात. वारसनोंदीचे काम आता त्याच्या नावावर आहे, शाळेची फीही. लाल कामे संपलेली नाहीत. पण लाल झाले की कोणाचे ते आता सगळ्यांसमोर वाचले जाते.

त्या यादीत एक गोष्ट मला दिवाळीतच खटकली होती आणि मी ती पत्नीजवळ बोललो होतो. एवढ्या शेकडो कामांत वहिनींचे स्वतःचे असे एकही नव्हते. सासूबाईंच्या डोळ्यांची तपासणी होती, त्यांच्या स्वतःच्या गुडघ्याची नव्हती. पत्नीने तसे फोनवर विचारले असावे. गेल्या महिन्यात भाच्याने यादीचा एक फोटो पाठवला. त्यात 'गाव' या कप्प्यात वहिनींनी लिहिले होते, 'नवापूरला माहेरी, दोन रात्री.' तारीख घातली नव्हती. खाली दुसऱ्या कोणी तरी कामाचे तीन तुकडे करून नावे घातली होती. आजीच्या गोळ्या, भाचा. धाकटीचा डबा, मेहुणा. गाडीचे तिकीट, पुन्हा मेहुणा. तिकिटापुढे अजून खूण झालेली नाही, म्हणून आज त्याला फोन करणार आहे.